हाक आणि अखंड वेळ
(संघाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



या देशातील रुग्णालयांत औषधे वाटणारी परिचारिका पुष्कळदा तांबडा अंगरखा चढविते. औषधवाटप चालू असून तिला कोणी व्यत्यय आणू नये, अशा अर्थाचा मजकूर त्यावर छापलेला असतो. मध्येच हाक आली की मात्रा चुकते, हे आम्ही या व्यवसायात पडल्यापासून पाहत आलो आहोत. नवा विचार करू पाहणाऱ्यास मात्र असा अंगरखा कोणी देत नाही. चुकलेल्या मात्रेची नोंद होते. जो विचार सुचलाच नाही, त्याची नोंद कोठे व्हावी?

२००९ साली सोफी लरॉय या संशोधिकेने प्रयोगांती दाखविले की, अर्धवट काम सोडून माणूस दुसऱ्याकडे वळला, तरी त्याच्या अवधानाचा काही अंश पहिल्यातच गुंतून राहतो आणि दुसरे काम तेवढ्याने उणे होते. फोनवरील निरोप वाचण्यास पाचच सेकंद लागतात, हा आपला हिशेब म्हणूनच खोटा आहे.

ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली ‘द आर्ट ऑफ थॉट’ या ग्रंथात नव्या विचाराच्या चार अवस्था सांगितल्या: पूर्वतयारी, परिपाक, स्फुरण आणि पडताळणी. (हे वॉलस १९२३ पर्यंत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते, बाबासाहेब तेथे विद्यार्थी होते ते याच काळात.) परिपाकाच्या अवस्थेत प्रश्न बाजूला ठेवावयाचा असतो. मग तेवढ्यात फोन चाळला तर काय बिघडले, असे आमच्या चिरंजीवांनी विचारले. शंका रास्त आहे. तिचे उत्तर जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या १८९१ सालच्या, सत्तराव्या वाढदिवसाच्या भाषणात सापडते. त्यांना उत्तम कल्पना लिहिण्याच्या टेबलाशी कधी सुचल्या नाहीत. शीण उतरल्यावर, उन्हात वनराईची टेकडी संथपणे चढताना त्या येत. तेथे पाय गुंतलेले असतात, मन मोकळे असते. फोन ते मोकळे राहू देत नाही. बसची वाट पाहावी, चहाला आधण यावे, अशा ज्या फटींत विचार मुरावयाचा, त्याच तो बुजवितो.

आमचे आजोबा सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात राहत. येसकरपाळी आली की दिवस असो वा रात्र, चावडीवरून हाक येताच हातचे टाकून उठावे लागे. निरोप पोहोचवा, ओझे वाहा, साहेबाच्या घोड्यापुढे धावा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले. वतन प्रत्यक्ष गेले ते १९५८ च्या कायद्याने. वतनाची चर्चा निघते ती जमिनीची आणि बलुत्याची. आमच्या मते त्याने हिरावलेली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे अखंड वेळ. बाबासाहेबांनी त्यापूर्वी लंडनमध्ये अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसच्या दिवस काढले, आणि १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या वाचनालयापर्यंत कोणत्याही चावडीची हाक पोहोचत नव्हती.

आजोबा जलशासाठी पदे रचीत. अक्षरओळख नसल्याने ती वडिलांना तोंडपाठ करवीत. वडील गेल्यावर त्यांनी सांगितलेले सारे उतरवून ठेवण्यासाठी आम्ही एक वही आणली. सहा वर्षांत तिची चार पाने भरली. आम्हांस बोलावणारे कोणी नव्हते. चावडी आम्हीच खिशात बाळगून होतो.

गेल्या हिवाळ्यापासून रविवारी सकाळी दोन तास आम्ही फोन मोटारीच्या डिकीत ठेवतो. (रुग्णालयाची पाळी नसेल त्याच रविवारी, हे सांगणे न लगे.) पहिले तीन रविवार हात नुसता खिशाकडे जात राहिला, कागद कोराच. चौथ्या रविवारी काही केल्या न आठवणारी एक चाल, भांडी विसळताना, अचानक ओठांवर आली आणि तिच्यामागून शब्द आले. आज वहीत एकतीस पाने आहेत. त्यांत एक अपुरे पदही आहे. दोन कडवी झाली आणि आजोबांना चावडीवर जावे लागले. तिसरे कडवे त्यांना सुचले होते की नाही, हे वडिलांनाही ठाऊक नव्हते.