चर्चसाठी केर ओढणारे यंत्र

चर्च आणि केर ओढणारे यंत्र ही जोडी जुनी आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत १९०२ साली राज्याभिषेकापूर्वी बूथसाहेबांच्या यंत्राने गालिचे साफ केले होते. आपल्या वसईकडे मात्र गालिचा थोडा, बाकांखाली रेती फार. तेव्हा वर्गणीच्या पैशातून यंत्र घेताना वॅटच्या आकड्याला भुलू नका. यंत्र वीज किती खाते तेवढेच तो सांगतो. पुष्कळ यंत्रांत ओढलेली हवाच मोटारीला गार ठेवते. पिशवी बारीक धुळीने तुंबली की मोटार तापते, आणि एक दिवस जळते. म्हणून पिशवी मोठी, सहज झटकता येणारी हवी. मोटारीतले कार्बन ब्रश तर झिजायचेच. ते बदलता येतात का, तालुक्याला मिळतात का, हे दुकानदाराला आधी विचारा. मेणबत्त्यांचे सांडलेले मेण मात्र हातानेच खरवडावे लागेल, बरं का!