ट्रान्झिस्टरचा कपॅसिटर



मी रोज सॉफ्टवेअर लिहिते, पण आज सांगणार आहे ते इंजिनिअरिंगला शिकलेल्या इलेक्ट्रॉनिक्सबद्दल.

माइक स्पीकरसमोर नेला की हॉलभर शिट्टी घुमते. बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत शिरतो आणि वाढत जातो. ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायरमध्येही हाच धोका असतो. त्यातले दोन टप्पे सिग्नलला थोडा थोडा उशीर करतात. उशीर वाढला की मागे आणलेला सिग्नल भलत्या वेळी पोचतो आणि सर्किट आपणहून थरथरू लागतं. उपाय साधा आहे: दुसऱ्या टप्प्याच्या इनपुट आणि आउटपुटमध्ये छोटा कपॅसिटर. मिलर परिणामामुळे तो कितीतरी पट मोठा भासतो. वेग कमी होतो, पण स्थैर्य येतं. 1965च्या 709 चिपला तो बाहेरून जोडावा लागे. 1968च्या 741मध्ये 30 पिकोफॅरडचा कपॅसिटर आतच आला.

डिजिटल चिपच्या कारखान्यात वेगळा कपॅसिटर बनवायची सोय नसेल, तर ट्रान्झिस्टरच वापरतात. गेट ही एक पट्टी. सोर्स, ड्रेन आणि बॉडी एकत्र जोडून दुसरी. मधला ऑक्साइडचा थर अतिशय पातळ, म्हणून थोड्या जागेत भरपूर धारिता मिळते.

पण तो कुठल्या बाजूनं जोडायचा? समजा, दुसऱ्या टप्प्याचा मुख्य ट्रान्झिस्टर एन प्रकारचा आहे आणि कपॅसिटरसाठी पी प्रकारचा घेतला. त्याचं गेट पहिल्या टप्प्याकडे, बाकीची टोकं आउटपुटकडे जोडायची. बॉडी म्हणजे इथे वेल. तिची सब्स्ट्रेटशी नको असलेली धारिता असते. ती नाजूक जागी पडण्यापेक्षा आउटपुटवर पडलेली परवडते.

आउटपुट पुरेसं वर असतं तोवर ऑक्साइडखाली विद्युतभाराचा थर टिकतो. ते खाली आलं, व्होल्टेजचा फरक थ्रेशोल्डपेक्षा कमी झाला, की थर विरतो आणि धारिता घटते. मधल्या व्होल्टेजवर शांत असलेलं सर्किट तिथे थरथरू शकतं. म्हणून आउटपुटची मर्यादा आखायची, नाहीतर सर्वांत वाईट स्थितीतही पुरेल एवढा मोठा ट्रान्झिस्टर घ्यायचा.

प्रयोगशाळेत बाई एका निरीक्षणावर निष्कर्ष लिहू देत नसत. आज प्रोग्रॅम तपासताना मी आधी टोकाच्या स्थिती बघते. मधलं बहुतेक वेळा बरोबरच असतं.