आधी कागद, मग इंजिन


आलापल्ली-सिरोंचाच्या जंगलवाटेसाठी
जुनी टू-स्ट्रोक गाडी घेताय?
मग आधी कागद पाहा, नंतर इंजिन.

यामाहा आरएक्स हंड्रेड आपल्या देशात
1985 ते 1996 या काळात बनली.
म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षं केव्हाच उलटली.
नूतनीकरण झालंय का, ते आरसी बुकात बघा.
चासीचा नंबर कापडाने पुसून स्वतः वाचा.
तो आरसीशी जुळलाच पाहिजे.

गाडी गोदावरीपलीकडची, तेलंगणातली असेल,
तर तिथल्या परिवहन कार्यालयाचं
ना हरकत प्रमाणपत्र मागा.
विमा आणि पीयूसीही हवेच.

पुन्हा सांगतो, आधी कागद, मग इंजिन.

इंजिन थंड असताना किक हाताने दाबा.
चांगला जोर लागला पाहिजे.
किक सहज खाली गेली,
तर पिस्टन-बोअर झिजल्याची शंका घ्या.
इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला,
तर क्रँकचं सील मेकॅनिकला दाखवा.

आणि मालकाला एक विचाराच.
ऑइल पंप चालू आहे, की काढून टाकलाय?
या गाडीत टू-टी ऑइलची टाकी वेगळी असते.
पंप बंद, आणि तुम्ही नुसतं पेट्रोल भरलंत,
तर इंजिन जाम होणार.
तेही भर जंगलात.
म्हणून आग्रहाने सांगतो,
पंप दुरुस्तच करून घ्या.

मागे खोल नक्षीचा टायर घाला.
ब्रेक शू नवे बसवा.
साखळी फार ताणू नका,
खड्ड्यात गचका बसला की ती आणखी ताणली जाते.
कर्कश सायलेन्सर लावू नका,
तो बेकायदा आहे.
मूळ सायलेन्सरमधली काजळी काढा,
गाडी पुन्हा ओढू लागेल.