तीन चुकांची उंची



रिमोटच्या विमानाच्या कसरतींत एवढं काय आहे, असं घरचेही विचारतात. खरा वैमानिक विमानाबरोबर स्वतःही कलंडतो. आपण जमिनीवर, आपल्याला फक्त डोळे. विमान दूर जाताना डावं ते डावंच. तेच आपल्याकडे वळलं की त्याचं डावं आपल्या उजवीकडे येतं. तेव्हा एकच युक्ती: जो पंख खाली झुकलेला दिसेल, काडी त्याच बाजूला न्यायची, जणू टेकू दिला. विमान पालथं असेल तर वर-खालीची काडीही उलटी चालवायची. सारखं स्वतःला विमानात बसवून पाहावं लागतं. गोडी त्यातच आहे.

या छंदात म्हणतात, नवी कसरत तीन चुका पचतील एवढ्या उंचीवर करावी. पहिली चूक हाताची, दुसरी ती सुधारताना, तिसरी घाबरून.

गणित चुकलं तर सर फळ्यापाशी बोलावून पुन्हा सोडवायला लावायचे. आपल्याला ती उंची मिळाली. आजच्या मुलांना पहिल्याच चुकीला गुण जातात.

कपाशी निघाली की बोदवडचं शिवार मोकळं असतं. शेत तुम्ही द्या, विमानं मी आणते. मुलांना पाडू द्या.