नोकरीत लिहिलेला कोड कोणाच्या मालकीचा?

(कुटुंब-मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या आजोबा-पणजोबांपैकी बहुतेकांनी ज्या शेतात घाम गाळला, त्याचा सातबारा दुसऱ्याच्याच नावावर होता. आज त्यांची नातवंडे पुण्या-मुंबईस संगणकापुढे बसून कोड लिहितात. तेव्हा “हे मी लिहिले, म्हणून ते माझे” असे त्यांना वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु कायद्याचे म्हणणे तसे नाही, आणि ते ठाऊक नसल्याने एका कुटुंबावर जो प्रसंग आला तो मी आपणांपुढे ठेवणार आहे.

गेल्या वर्षी एक तरुण आपल्या आईसह मजकडे आला. त्याने एका कंपनीत दोन वर्षे हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला होता. राजीनामा देताना तो सगळा कोड त्याने घरच्या संगणकावर उतरवून घेतला आणि ओळखीच्या एका दुकानदाराला बिले करण्यासाठी त्यातीलच भाग बसवून दिला. कंपनीची नोटीस आली. माउली मला म्हणाली, “वकीलसाहेब, रात्ररात्र जागून यानेच लिहिले. मग ही चोरी कशी?”

माउलीचा प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर मात्र कडू आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1984 साली दुरुस्ती झाली, आणि तेव्हापासून संगणकाचा प्रोग्रॅम हा ‘साहित्यकृती’ मानला जातो. याच कायद्याचे कलम 17 म्हणते की, नोकरीच्या कामाच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. उमेदवारीवर असलेल्यासही हाच नियम. म्हणजे आपण मालकी गमावतो असे नव्हे. ती प्रथमपासून आपल्याकडे आलेलीच नसते. पगाराने श्रम विकत घेतले गेले. रात्रीचे जागरण त्यात धरले होते की नाही, हा वाद निराळा. आणि खरे सांगायचे तर मलाही तो न्याय्य वाटत नाही.

नोकर नसलेल्याची स्थिती याहून वेगळी आहे. स्वतंत्र कंत्राटावर कोड लिहून देणाराच सर्वसाधारणपणे पहिला मालक असतो. त्याने हक्क दिले असे ठरण्यास सहीचा लेख लागतो, आणि त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर कलम 19 प्रमाणे ती पाच वर्षेच धरली जाते. अशी कामे करणाऱ्या आपल्या मुलांना हे कोणी सांगत नाही, आणि ती छापील कागदावर डोळे झाकून सही करतात.

मग नोकराचे काहीच उरत नाही काय? उरते. इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे एका हिशेब-तज्ज्ञाच्या पुस्तकाचा खटला आला. मालकाच्या ग्राहकाकडे नेमून दिलेल्या कामावर असताना लिहिलेला भाग मालकाचा ठरला. त्याने दिलेली व्याख्याने मात्र त्याचीच ठरली. पुस्तक एक, लेखक एक, पण मालक दोन! आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 1978 साली स्पष्ट केले की कॉपीराइट कल्पनेला नसतो, तिच्या मांडणीला असतो. बिल कसे करावे, चूक कशी शोधावी, हे डोक्यातील ज्ञान तुमच्याबरोबरच दाराबाहेर पडते. फाइल मात्र पडत नाही. कंपनीची गुपिते आणि ग्राहकांच्या याद्याही पडत नाहीत.

घरी, सुटीच्या दिवशी, स्वतःच्या यंत्रावर लिहिले तर? नोकरीच्या कामाशी संबंध नसेल तर बाजू भक्कम होते. परंतु नेमणूकपत्रात “नोकरीच्या काळात केलेले सर्व काही कंपनीचे” असे कलम असले, तर त्याला उत्तर देत बसावे लागते. सही करण्यापूर्वी ते कलम वाचा, वाचून दाखवा, समजले नाही तर विचारा. पगाराचा आकडा आपण तीनदा वाचतो, हे कलम एकदाही नाही. जुना कोड पुन्हा वापरायचा असेल तर कंपनीची लेखी परवानगी घ्या. वरिष्ठांचे तोंडी “हो” न्यायालयात उपयोगी पडत नाही. कंपनीनेच तो कोड सर्वांस खुला केला असेल, तर त्या परवान्याच्या अटींप्रमाणे इतरांसारखा तुम्हांसही वापरता येतो. आणि नकली प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरण्यास कलम 63 ख खाली तुरुंगवासही आहे, हे विसरू नका.

असो. त्या तरुणाचे पुढे काय झाले? घरची प्रत त्याने पुसली, तसे लिहून दिले, आणि प्रकरण तेथेच थांबले. दुकानदाराचा प्रोग्रॅम त्याने जुनी फाइल पुढे न ठेवता नव्याने लिहिला. चार महिने लागले. नव्या नोकरीच्या नेमणूकपत्राला त्याने स्वतःच्या आधीच्या प्रोग्रॅमांची यादी जोडली, त्यात पहिले नाव त्या दुकानाच्या बिलांचे होते. कंपनीने यादीवर सही करून एक प्रत त्यास परत दिली. ती त्याच्या आईने घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवली आहे.