टुरी हटरीतली चार तासांची भाजी



मी रायपूरहून बोलतेय. छत्तीसगडच्या राजधानीतून, पण नव्या चकचकीत भागातून नाही, पुरानी बस्तीतून. महामाया मंदिर, दूधाधारी मठ आणि अरुंद गल्ल्यांचा हा भाग. आमच्या घरापासून सात मिनिटं चाललं की टुरी हटरी लागते. हटरी म्हणजे छोटा बाजार. टुरी म्हणजे मुलगी. भंडारा-गोंदियाकडच्या मंडळींना हा शब्द सांगावा लागणार नाही, त्यांच्या झाडीबोलीतही मुलगी टुरीच असते. मुलीबाळींचा, बायकांचा बाजार असं हे नाव.

आज मला एवढंच सांगायचंय की उन्हाळा सुरू होताना या बाजारात ताजं काय येतं, आणि ते येत राहावं म्हणून काय करावं लागतं.

मी सांगलीकडची. लग्न होऊन इथे आले. सासरची माणसं तीन पिढ्यांपूर्वी भंडाऱ्याहून आलेली. तेव्हा रायपूर मध्य प्रांतात होतं आणि प्रांताची राजधानी नागपूर. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगड मध्य प्रदेशात राहिलं आणि २००० साली वेगळं राज्य झालं. सीमा अशी दोनदा हलली, पण आमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरातली भाजी काही हलली नाही.

पहिल्या उन्हाळ्यात मी हटरीत गेले आणि गोंधळले. जमिनीवर पोतं अंथरून बायका बसलेल्या. त्या मांडणीला इथे पसरा म्हणतात, आपल्या पसाऱ्याचा सख्खा भाऊ. प्रत्येक पसऱ्यावर हिरव्या पाल्याचे ढीग. मला मेथी, पालक, कोथिंबीर ओळखता येत होती. त्यातलं तिथे एकही नव्हतं. एका म्हाताऱ्या दाईंनी विचारलं, "लेबे का, नोनी?" घेणार का, पोरी? मी विचारलं, हे काय आहे? त्या म्हणाल्या, अमारी. मी मान हलवली आणि बटाटे घेऊन घरी आले.

सासूबाईंनी पिशवी पाहिली. "अमारी नव्हती का?" म्हटलं, होती, पण मला ती भाजी माहीत नाही. त्या म्हणाल्या, "अगं, अंबाडी ती!"

अंबाडी! सांगलीत माझी आजी कण्या घालून, वर लसणाची फोडणी ओतून अंबाडीची भाजी करायची. मी ती समोर पाहून परत आले होते, केवळ नाव वेगळं होतं म्हणून.

त्यानंतर सासूबाई मला रोज सकाळी सोबत नेऊ लागल्या. मुनगा म्हणजे शेवगा, विदर्भातही कितीतरी घरांत मुनगाच म्हणतात. पावसाळ्यात येणारा चरोटा म्हणजे टाकळा, ज्याला विदर्भात तरोटा म्हणतात. कलिंदर म्हणजे कलिंगड, महानदीच्या वाळूत पिकलेलं. करमत्ता म्हणजे पाण्याकाठी वाढणारी नाळीची भाजी. चेंच मात्र मला अगदीच नवी होती. ती ज्यूटच्या कुळातली, कोवळी पानं खुडून करायची, शिजली की थोडी बुळबुळीत. खेडा म्हणजे माठाचे जाड देठ, ताकात किंवा आंबटात शिजवून चोखून खायचे. जंगलाकडून तेंदूची फळं येतात, म्हणजे आपली टेंभुर्णी. चार येतात, ज्यांच्या बियांतून चारोळी निघते. आणि कैऱ्या तर असतातच.

या सगळ्यांत मानाची भाजी म्हणजे बोहार. बोहार म्हणजे आपलं भोकर. आपण भोकराच्या फळांचं लोणचं घालतो. इथे मात्र फळ धरायच्या आधीच, फुलांच्या कळ्या आणि कोवळा पाला खुडतात. उंच झाडावर चढून खुडावं लागतं, कळी उमलली की उपयोग नाही, आणि हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. म्हणून ती महाग. हरभऱ्याची डाळ घालतात आणि चिंच किंवा दही, त्या आंबटाने चिकटपणा मरतो. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खायचा, त्याला बोरे बासी म्हणतात. २०२२ पासून १ मेला बोरे बासी दिवसही साजरा होऊ लागला. बासीसोबत कांदा, मिरची आणि आंबट भाजी. बाहेर चाळीस अंशांच्या वर ऊन असताना हे जेवण काय असतं, ते खाल्ल्याशिवाय कळत नाही.

आता माझी एक चूक सांगते.

एकदा मी उशिरा, साडेदहाला गेले. त्याच दाईंकडे अमारीच्या सहा-सात जुड्या उरल्या होत्या. ऊन चढलेलं, पानं मलूल. मी म्हटलं, निम्म्या भावात द्या. त्यांनी काही न बोलता दिल्या. मी खुशीत घरी आले आणि सौदा कसा जमला ते सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "तू भाव नाही पाडलास. उन्हानं पाडला. तू फक्त उन्हाच्या बाजूनं उभी राहिलीस."

मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी दाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांचा दिवस विचारला. बाडीतली भाजी पहाटे तीनला खुडायची. त्यांची बाडी म्हणजे घरामागचा मळा. जुड्या बांधायच्या, ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या, पहिल्या टेम्पोने शहरात यायचं. साडेसहाला पसरा लावायचा. साडेदहापर्यंत, मध्ये मध्ये पाणी शिंपडत, भाजी विकायची. त्यानंतर पान माना टाकतं आणि मग गिऱ्हाईक म्हणेल तो भाव. उरलेलं गायीला. म्हणजे कमाईचे तास चार. हिवाळ्यात हीच जुडी संध्याकाळपर्यंत टिकते. उन्हाळ्यात बाडीला पाणी जास्त लागतं आणि विकायला वेळ कमी मिळतो.

काही वर्षांनी एका एप्रिलमध्ये त्या जागी दाई नव्हत्या. त्यांची सून बसली होती आणि पुढे बटाटे, कांदे, टोमॅटो. डुमरतराईच्या ठोक मंडीतून आणलेले. मी विचारलं, अमारी? ती म्हणाली, दाईचे गुडघे गेले. मग म्हणाली, बटाटा उद्याही विकता येतो, भाजी येत नाही.

तिचं काय चुकलं? काहीच नाही. आपण म्हणतो, जुन्या भाज्या नाहीशा होतायत, नव्या पिढीला खायला नकोत. पण बाडी तिथेच होती, बीही होतं, खाणारेही होते. रोज साडेदहाला होणारं नुकसान सोसायला मात्र कुणी तयार नव्हतं, आणि ते एकटीने का सोसावं?

मी घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती, हटरीत जाणं थांबलं होतं. त्या म्हणाल्या, "तिला विचार, किती जुड्या आधी सांगितल्या तर आणशील?"

मी विचारलं. सून म्हणाली, पंधरा. मी गल्लीतल्या घरांत फिरले. दोन मराठी घरं, एक ओडिया, एक मारवाडी, बाकी छत्तीसगडी. आठ घरांनी हो म्हटलं. मंगळवार आणि शनिवार. काय येईल ते ती ठरवणार, भाव सकाळचाच, पैसे आधी, आणि घासाघीस नाही. पहिल्या शनिवारी तिने पंधरा जुड्या अमारी आणि चेंच आणली. सातच्या आत तिचं पोतं मोकळं झालं.

सगळं सुरळीत चाललं असं नाही. एका घराने महिन्याभरात सोडलं, त्यांना चेंच आवडेना. मेमध्ये दोन आठवडे बोअरचं पाणी आटलं, भाजी आलीच नाही, तेव्हा पैसे पुढच्या जुड्यांत वळते केले. ती आजही बटाटे-कांदे विकते, त्यावरच तिचं घर चालतं. पण पोत्याच्या एका कोपऱ्यात भाजी पुन्हा दिसते, आणि आधी सांगितलेल्या पंधरा विकल्या जाणार म्हटल्यावर ती आणखी दहा धीराने आणते. बोहार निघाली की तिच्या नवऱ्याला झाडावर चढवते आणि पहिली पुडी सासूबाईंसाठी बाजूला ठेवते. तिचे पैसे मात्र पुरेपूर घेते. मला ते आवडतं.

तुम्ही नागपुरात असाल, नाशकात, बेळगावात, इंदुरात किंवा बडोद्यात. तुमच्याही बाजारात अशी एक बाई पालेभाजी घेऊन बसलेली असेल. तिच्याकडे ऊन चढायच्या आत जा. न ओळखीची भाजी दिसली तर नाव विचारा, कशी करायची तेही विचारा. कदाचित ती तुमच्या आजीचीच भाजी असेल. आणि जमलं तर शेजारची चार-पाच घरं मिळून तिला आदल्या दिवशी सांगा, आमच्या एवढ्या जुड्या नक्की.

उद्या शनिवार आहे. मला साडेसहाला हटरीत पोचायचंय. सासूबाईंनी आत्ताच विचारलं, लसूण सोलून ठेवलास का?