मोटारीच्या काचेवरील धुके

पावसाळ्यात बिदर-उदगीर मार्गावर किंवा कलबुर्गीहून अक्कलकोटकडे जाताना मोटारीची पुढील काच आतून धूसर होते व रस्ता दिसेनासा होतो. उतारूंच्या श्वासातील बाष्प थंड काचेवर जलकणांच्या रूपाने साचते, हे त्याचे कारण.

अशा वेळी वाहन कडेला थांबवून बाहेरील हवा आत घेणारी कळ लावावी. वातानुकूलन यंत्र असल्यास चालू करावे, ते हवेतील ओलावा काढून घेते. तरीही काच स्वच्छ न झाल्यास घरी तपासणी करावी. वारा मंद असेल, तर काचेखालील जाळीतील पालापाचोळा काढून हवेची गाळणी पाहावी. पंखाच फिरत नसेल, तर फ्यूज तपासावा. ओल्या चटया वाळवाव्यात. मात्र काचेवर तेलकट थर व गोडसर वास आढळल्यास हीटरमधून शीतक द्रव गळत असण्याचा संभव असतो. ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच सोपवावे.